पेन कुणाच्या हातात?

मुलगा आठ-नऊ वर्षांचा. वजाबाकीची दहा गणितं, चार बरोबर, सहा चूक. वडिलांनी वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "येतं सगळं त्याला, मॅडम. लक्षच नसतं." मीही मान डोलावली. खासगी शिकवणीत अशी मान डोलावणं फार सोयीचं असतं. लक्ष नाही म्हटलं, की शिकवण्यात काही राहून गेलं का, हा प्रश्नच उरत नाही.

रात्री ती वही परत उघडली. ५२ वजा २७, उत्तर ३५. ९१ वजा ४६, उत्तर ५५. ७० वजा ३४, उत्तर ४४. एक-एक घर बघत गेले तेव्हा लक्षात आलं की या पोराचं लक्ष चांगलं जागेवर होतं. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता. वर कोणता, खाली कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. सातातून दोन गेले, राहिले पाच, पाचातून दोन गेले, राहिले तीन, झाले ३५. सहाही गणितांत हाच नियम, एकदाही न मोडता. आणि खरी गंमत बरोबर आलेल्या चार गणितांत होती. त्यांत हातचा लागतच नव्हता. म्हणजे ती चारही त्यानं त्याच चुकीच्या नियमानं सोडवली होती, आणि नियम योगायोगानं लागू पडला होता. मी त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा करून मोकळी झाले होते.

ही काही माझी शोधाशोध नव्हे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशाच चाळून काढल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच चुका वेंधळेपणाच्या नसतात. मूल इमानेइतबारे एक रीत पाळत असतं, ती रीतच बिघडलेली असते. मोठ्यातून लहान काढणं ही त्यातली अगदी ओळखीची बिघडलेली रीत. हे मी कधीकाळी वाचलेलं होतं. तरीही पहिल्या तीन तासांत मला ते दिसलं नाही, कारण ते तीनही तास पेन माझ्या हातात होतं. मी सोडवून दाखवत होते, तो "हो" म्हणत होता, आणि आम्ही दोघंही खूश होतो.

वैयक्तिक शिकवणीबद्दल माझा वाद इथूनच सुरू होतो. एका मुलासमोर एक शिक्षक बसला, की समजावून सांगायला जास्त वेळ मिळतो, म्हणून अशी शिकवणी चांगली, असं सगळेच धरून चालतात. पालक धरतात, शिक्षक धरतात, आता सरकारंही धरू लागली आहेत. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. समजावून सांगणं वर्गातही होतं, चांगल्या पुस्तकात होतं, फुकट मिळणाऱ्या व्हिडिओत तर माझ्यापेक्षा नीट होतं. वर्गात जे होऊ शकत नाही ते एकच: मूल गणित करत असताना त्याच्या वहीकडे कुणीतरी बघत बसणं. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला उत्तर दिसतं, उत्तरापर्यंतची वाट दिसत नाही. ती दिसावी म्हणून शिकवणी असते. आणि पेन शिक्षकाच्या हातात असेल तर बघायला समोर काही उरतच नाही.

वैयक्तिक शिकवणीचा विषय निघाला की बेंजामिन ब्लूम यांचं नाव येतंच. १९८४ मध्ये त्यांनी मांडलं की वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. हा आकडा तेव्हापासून शिकवणीच्या जाहिरातींपासून शिक्षणमंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सगळीकडे हिंडतो आहे. पण त्या प्रयोगांत नेमकं काय केलं होतं हे फारसं कुणी सांगत नाही. नुसता एकाला एक शिक्षक दिला, असं ते नव्हतं. ठरावीक टप्प्यावर चाचणी, चाचणीत जे अडलं त्यावर काम, आणि तो भाग पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा नाही, अशी ती पद्धत होती. वर्गात हीच पद्धत वापरलेल्या गटाला पुढे जायला ८० टक्के गुण लागत होते, तर वैयक्तिक शिकवणीच्या गटाला ९०, हे कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये निदर्शनास आणून दिलं. म्हणजे चमत्कारात शिक्षकाचा वाटा किती आणि "अजून झालं नाही, परत कर" या आग्रहाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. व्हॅनलेन यांनी इतर अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा माणसानं दिलेल्या शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या दोन प्रमाण विचलनांऐवजी ०.७९ भरला. (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप म्हणजे प्रमाण विचलन; ९८ टक्के मुलांच्या पुढे जाणं म्हणजे सरासरीपेक्षा अशी साधारण दोन मापं वर जाणं.) पुढे २०२० मध्ये आंद्रे निकाउ, फिलिप ओरिओपोलस आणि विन्सेंट क्वान यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ९६ अभ्यास तपासले. तिथे त्याच मापात सरासरी ०.३७ आली.

०.३७ लहान आहे असं मी म्हणत नाही. शिक्षणातल्या भल्याभल्या योजनांना एवढंही जमत नाही. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे गणित शिकवणाऱ्याला सांगायला नको. शिकवणी "काम करते का" असं विचारणं म्हणजे औषध काम करतं का असं विचारण्यासारखं आहे. कोणतं, कशावर, किती?

काही वर्षांपूर्वी मी पालकांची परवानगी घेऊन माझे तीन तास फोनवर रेकॉर्ड केले. आपण बरं शिकवतो अशी समजूत होती, ती पक्की करून घ्यायची होती. ऐकायला बसले आणि पंधरा मिनिटांत बंद करावंसं वाटलं. मी बोलतेय, बोलतेय, उदाहरण देतेय, त्याला जोडून दुसरं देतेय, स्वतःच्या विनोदावर हसतेय. मध्येच "कळलं का?" पलीकडून "हो." पुन्हा मी. एका तासात समोर बसलेल्या मुलीचं सगळ्यात लांब वाक्य होतं, "मॅडम, पान उलटू का?"

आर्थर ग्रेसर आणि नताली पर्सन यांनी १९९४ मध्ये मुलांचे प्रश्न मोजले होते. वर्गात एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तासाला ०.११ प्रश्न येतो, म्हणजे नऊ तासांत एक. शिकवणीत तोच आकडा २६.५ वर जातो. माझ्या त्या मुलीचा वर दिलेला प्रश्न धरला तर एक. शिकवणी नावाची गोष्ट माझ्या टेबलावर चालू होती, फी घेतली जात होती, पण प्रत्यक्षात तो एका श्रोत्यापुढचा वर्गच होता.

आणि ते "कळलं का?" हा आपल्या धंद्यातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. त्याचं उत्तर "हो" येतं कारण ते द्यायला सगळ्यात स्वस्त असतं. "नाही" म्हणायला काय कळलं नाही हे थोडं तरी कळलेलं असावं लागतं. म्हणूनच ज्यांना विषय बऱ्यापैकी येतो तीच मुलं "हे नाही समजलं" असं बेधडक सांगतात. ज्याचा पाया कच्चा, तो गोड हसून मान हलवतो. त्याची मान खोटं बोलत नसते. मी दाखवलेलं त्याला डोळ्यांसमोर कळतच असतं. दुसऱ्याला पोहताना बघून पोहणं कळावं तसं.

मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो प्रत्येक शिकवणी घेणाऱ्यानं एकदा वाचावा असं मला वाटतं. आठवीच्या मुलांना शरीरातलं रक्ताभिसरण शिकवायचं होतं. आधी शिक्षकांना मनाप्रमाणे शिकवू दिलं. त्यांनी अर्थातच भरपूर समजावून सांगितलं. दुसऱ्या फेरीत अट घातली: समजावून सांगायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, फक्त मुलाला बोलतं करायचं. "आणखी सांग", "याचा अर्थ काय लावशील", "हे त्याच्याशी कसं जोडशील" एवढंच. दोन्ही फेऱ्यांतली मुलं सारखीच शिकली. शिक्षकांची ती सगळी सुरेख विवेचनं काढून टाकली तरी मुलांच्या शिकण्यात काही घट झाली नाही. मला हे वाचून आधी रागच आला होता. माझी उदाहरणं फार चांगली असतात, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

गप्प बसणं ही मात्र शिकवण्यातली सगळ्यात अवघड कला आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या शिक्षकांची मोजणी केली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येऊ लागतात, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत तीही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय हे एकदा घड्याळ लावून पाहा. समोर एखादं मूल कपाळाला आठ्या घालून बसलेलं असताना तीन सेकंद जीव खातात. मी आता ओठ मिटून टेबलाखाली बोटांवर वीसपर्यंत मोजते. पहिल्या महिन्यात एका आईनं बाहेरून विचारलं होतं, "आज काही शिकवलं नाहीत का? आवाज नव्हता आतून." मी म्हटलं, "आज तीच शिकत होती." हे उत्तर मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. त्या बाईंना ते अजिबात पटलं नाही, आणि त्यांचं काय चुकलं? पैसे मोजून आणलेला माणूस गप्प बसलेला कुणाला आवडेल?

म्हणून आता पहिल्या भेटीतच सांगते, की माझा आवाज कमी येईल. पटलं तर बघा.

त्या वजाबाकीवाल्या मुलाकडे परत येते. पुढच्या तासाला माझ्या जिभेवर हातचा अगदी तयार होता. एक दशक सुटा करायचा, दोनाचे बारा करायचे, सगळं दहा मिनिटांत सांगून झालं असतं. त्याऐवजी ५२ वजा २७ त्याच्याच अक्षरात पुढे ठेवलं आणि म्हटलं, "हे बरोबर आलंय की नाही, मला न विचारता कसं कळेल तुला?" त्याला प्रश्नच समजला नाही. बरोबर आहे की नाही हे मॅडमना विचारायचं असतं, हा त्याच्यासाठी निसर्गनियम होता. बराच वेळ गेला. मग मी एवढंच म्हटलं, की बावन्न गोट्यांतल्या सत्तावीस दिल्या आणि तू म्हणतोस पस्तीस उरल्या, तर दिलेल्या परत घेतल्या की किती व्हायला हव्यात? "बावन्न." मग कर.

त्यानं ३५ आणि २७ ची बेरीज मांडली. बेरीज त्याला उत्तम येत होती, हातच्यासकट. बासष्ट आले. त्यानं खोडरबर उचललं आणि बेरीज पुसली. परत केली. परत बासष्ट. तिसऱ्यांदा बोटांवर. मग तो माझ्याकडे न बघता वहीकडे बघत राहिला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "दहा जास्तीचे कुठून आले?"

या प्रश्नासाठी मी महिनाभर थांबले असते. ते दहा कुठून आले याचा शोध घेणं म्हणजेच हातचा समजणं. आता मी दशक सुटा करण्याविषयी बोलू शकत होते, आणि बोललेही, चार-पाच वाक्यं. तीच वाक्यं त्या पहिल्या तीन तासांत बोलले असते तर ती एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठरली असती. त्याच्या डोक्यात त्यांना टेकायला जागा नव्हती. राहिलेली पाच गणितं त्यानं स्वतः तपासली. एक पुन्हा चुकलं, तेही त्यालाच सापडलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. नवीन विषय असेल, मुलाला काहीच माहीत नसेल, तर प्रश्न विचारत बसण्यात काय अर्थ? काहीच अर्थ नाही. ज्याला समीकरण म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याला "तुला काय वाटतं?" विचारणं म्हणजे माझ्या मनात काय आहे ते ओळख, असा खेळ लावणं. त्यात मूल शिकत नाही, अपमानित होतं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर नुसती गणितं सोडवत बसण्यापेक्षा कमी वेळात जास्त फायदा झाला. तेव्हा सांगायचं तिथे सरळ सांगावं, दाखवावं, लपवाछपवी करू नये. माझं म्हणणं त्यानंतरच्या क्षणाबद्दल आहे. एक उदाहरण दाखवून झालं की पेन पलीकडे गेलं पाहिजे. दुसरं उदाहरण दाखवायचा मोह होतो, तिसरं तर हात आपोआप सोडवू लागतो.

प्रश्न विचारणारे सगळेच शहाणे असतात असंही नाही. सॉक्रेटिसानं एका गुलाम मुलाला नुसते प्रश्न विचारून भूमिती शिकवली, ही प्लेटोनं लिहून ठेवलेली गोष्ट आदर्श म्हणून सांगितली जाते. ती नीट वाचली तर त्या पोराची बहुतेक उत्तरं "हो", "बरोबर", "अर्थातच" अशीच आहेत. सॉक्रेटिस प्रश्नचिन्ह लावून व्याख्यान देतोय, असं मला पुष्कळ ठिकाणी वाटतं. पण त्यात दोन जागा अप्रतिम आहेत. दोन फुटांच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा ठोकून देतो, चार. मग बघतो तर क्षेत्रफळ आठ व्हायचं ते सोळा झालेलं. मग म्हणतो तीन, तर होतात नऊ. इथे सॉक्रेटिसानं त्याला चुकू दिलं, आणि चूक त्याच्याच आकृतीत त्याला दिसू दिली. पुढचा कर्ण वगैरे भाग मला तितका महत्त्वाचा वाटत नाही.

मदत किती करायची याचं एक सरळ माप डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ च्या कामातून हाती लागतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवायचा होता. शिकवणारीनं मुलाला करू द्यायचं, अडलं तर तेवढ्यापुरता हात द्यायचा, जमू लागलं की काढून घ्यायचा. याला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली, आणि ती आता शिक्षणशास्त्रात इतकी घासली गेली आहे की तिचा मूळ अर्थच लोक विसरलेत. परांची इमारत उभी राहीपर्यंत बांधतात आणि मग उतरवतात. न उतरवलेली परांची ही इमारतीची शोभा नव्हे, काम अर्धवट असल्याची खूण आहे.

परीक्षा तोंडावर आली की हे सगळं गुंडाळून ठेवायचा दबाव येतो, आणि गृहपाठ हा तर रोजचाच दबाव. "उद्या द्यायचाय, तेवढा पूर्ण करून घ्या." गृहपाठ पूर्ण करून घेणारी शिकवणी म्हणजे मुलाच्या नावावर शिक्षकानं लिहिलेली वही. निबंधाचंही तेच. लाल पेनानं सुधारलेला निबंध वाचायला छान असतो, फक्त तो मुलाचा राहिलेला नसतो. यात सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की तासाच्या शेवटी मूल हुशार झालेलं दिसतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानं तीच चाचणी घेतली तर वाचण्याऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे जातात. शिकवणीची परीक्षा म्हणून तासाच्या शेवटी न घेता पुढच्या तासाच्या सुरुवातीला घ्यावी. मी कोरा कागद देते. मागच्या वेळचं जे आठवतं ते लिही, एक गणित स्वतः बनव, सोडव. पहिली दहा मिनिटं यात जातात आणि पुष्कळदा मागचा सगळा तास पाण्यात गेल्याचं त्यातून कळतं. ते कळावं म्हणूनच करायचं.

आता पैशाचं बोलायला हवं, कारण मुळातली अडचण तिथे आहे. आम्ही तासावर पैसे घेतो. मूल स्वतःचं स्वतः करू लागलं की आमचे तास कमी होतात. हा विचार करून कुणी मुद्दाम वाईट शिकवत असेल असं मला वाटत नाही, पण ज्या सवयीनं शिकवणी लांबते ती सोडायची निकडही कुणाला वाटत नाही. मूल अडलं की लगेच पुढे झेपावणारा शिक्षक प्रेमळ दिसतो. आणि दोन वर्षांनी तेच मूल शिक्षक शेजारी असल्याशिवाय पेन उचलत नाही, तेव्हा पालक म्हणतात, "बघा, किती लळा लागलाय." लळा कसला, सवय लागली आहे. माझ्याकडे सुरुवातीची काही मुलं अशीच चार-चार वर्षं होती. तेव्हा मला ते माझं यश वाटायचं.

सार्वजनिक पैसा यात उतरू लागल्यावर तर हा प्रश्न माझ्यापुरता राहत नाही. कोविडच्या महासाथीत मागे पडलेल्या मुलांसाठी इंग्लंडनं २०२० मध्ये राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम सुरू केला, तो २०२४ मध्ये संपला. अमेरिकेतही शाळांनी यावर मोठा खर्च केला. मुळातली कल्पना मला मान्य आहे. वैयक्तिक लक्ष हे फक्त ऐपत असलेल्यांच्या मुलांना मिळावं, हे कोणत्याही समाजाला शोभत नाही. पण विकत काय घेतलं जातंय? बहुतेक ठिकाणी तास. इतक्या मुलांना इतके तास, असा हिशेब, कारण तास मोजता येतात. कार्यक्रम जसजसा मोठा होतो तसतसा त्याचा परिणाम खाली येतो, हे संशोधनातून पुढे आलेलं आहे, आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही. चार माणसांना गप्प बसून बघायला शिकवता येतं. चार हजारांना घाईघाईनं नेमलं की ते तेच करतात जे त्यांनी आयुष्यभर शिक्षकांना करताना पाहिलं. बोलतात.

आधी उल्लेख केलेल्या ९६ अभ्यासांत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या धोरण ठरवणाऱ्यांनी सोयीनं विसरू नयेत. शाळेच्या वेळेत होणारी शिकवणी शाळा सुटल्यावरच्या शिकवणीपेक्षा सरस ठरली. आणि शिक्षक किंवा त्यासाठी तयार केलेले साहाय्यक हे हौशी स्वयंसेवकांपेक्षा आणि पालकांपेक्षा जास्त परिणाम साधतात. म्हणजे हे कौशल्याचं काम आहे. ते शिकवावं लागतं, त्याला पगार द्यावा लागतो, आणि कुणीतरी अधूनमधून शेजारी बसून तपासावं लागतं. तपासणाऱ्याला घड्याळ पुरेल. तासातली किती मिनिटं मूल लिहीत किंवा बोलत होतं, एवढं मोजलं तरी बरंच कळेल.

स्वस्तातला उपाय म्हणून आता यंत्राकडे बोट दाखवलं जातं. यंत्राला मी नाकं मुरडत नाही. पण तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर झालेला प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. गणिताच्या सरावाला मुलांना बोलकं एआय दिलं, तेव्हा सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या एका गटाला तेच यंत्र दिलं होतं, पण उत्तर न सांगता फक्त इशारे देण्याची त्याला ताकीद होती. त्या मुलांचं नुकसान झालं नाही. यंत्र काय किंवा मी काय, फरक पडतो तो आम्ही कुठे थांबतो यानं.

आता माझ्याच पद्धतीची फजिती सांगायला हवी. सध्या माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी येते. ती बोलत नाही. मी गप्प बसले तर ती माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसते, आणि तिला त्याचा काहीही त्रास होत नाही. वीसपर्यंत मोजून झालं, साठपर्यंत मोजून झालं. कोरा कागद दिला तर कोराच परत येतो. तिच्या घरचे म्हणतात लाजाळू आहे. मला वाटतं तिला इतक्यांदा चुकीचं ठरवलं गेलंय की कागदावर काही न लिहिणं हाच तिला सुरक्षित मार्ग वाटतो. माझं थांबणं तिला वाट बघणं वाटत नसणार, परीक्षा वाटत असणार.

शेवटी पेन पुन्हा मीच घेतलं. तिला सांगितलं, की मी सोडवते, पण मध्ये कुठेतरी मुद्दाम चुकणार आहे, तू फक्त बघ. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज मांडली: १/२ अधिक १/३, उत्तर २/५. ती बराच वेळ बघत होती. मग कंपासपेटीतून पेन्सिल काढून तिनं माझ्या उत्तराशेजारी एक ठिपका दिला. दिसेल न दिसेल असा. मी विचारलं, का? तिनं खांदे उडवले. मी पुढे म्हटलं, २/५ हे निम्म्यापेक्षा जास्त की कमी? उत्तर आलं नाही, पण ठिपक्यावरून तिनं पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली, जरा जोरात.

बुधवारी तिचा तास आहे. या वेळी एकाच गणितात दोन चुका ठेवणार आहे, एक ढोबळ आणि एक चिन्हाची. पेन्सिल मात्र आधीच टोक करून तिच्या बाजूला ठेवीन.